डॉ. याज्ञिक यांना, एका कुळागरातून

आदरणीय डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांस,
सा. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही. तुम्ही पुण्याच्या केईएम रुग्णालयात मधुमेहावर संशोधन करणारे, मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, राहणारी शिक्षिका. पण आमच्या घरातलं एक जुनं भांडण तुमच्यामुळे मिटलं, म्हणून हे जाहीर पत्र.

2009 साली आईला मधुमेह निघाला. वय 52, वजन 44 किलो. डॉक्टरांनी आधी रिपोर्ट पाहिला, मग तिला पाहिलं आणि विचारलं, ‘‘गोड चोरून खाता काय?’’ घरीही तेच सुरू झालं. बाबांनी साखरेचा डबा वरच्या फळीवर नेला. चवथीला नेवऱ्या (करंज्या) तळायची ती आणि मोजायचो आम्ही. मीसुद्धा मोजल्या आहेत. तिने कधी उलट उत्तर दिलं नाही, त्यामुळे आमचा संशय आणखीच पक्का झाला.

पुढे कधीतरी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2004 साली आलेला तुमचा फोटो पाहण्यात आला. शेजारी तुमचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. चरबी मात्र त्यांच्या अंगात 9.1 टक्के आणि तुमच्या 21.2. दुसऱ्याच्या चरबीवर बोलणारे पुष्कळ भेटतात, स्वतःची मोजून छापणारा मी पहिलाच पाहिला. फोटो आईला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, ‘‘हेसुद्धा चोरून खातात म्हणायचे?’’

त्यानंतर सापडेल ते वाचत गेले. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत तुमच्या माणसांनी लग्न झालेल्या बायकांकडे दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख विचारली, म्हणजे दिवस गेले की लगेच कळावं. मग बाळं मोजली. आपलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं 3.5 किलोचं. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. लंडनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा आपल्याकडच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलिनही जास्त निघालं, ही मधुमेहाकडे कल असल्याची जन्मापासूनची खूण. म्हणजे आईचं दुखणं डब्यातल्या साखरेच्या कितीतरी आधीचं असू शकतं.

खरं सांगते, इथे मी जरा घाबरले. आईवरचा आळ उचलून आता आजीवर ठेवायचा की काय? ‘गरोदरपणी नीट खाल्लं नाही’ म्हणणारी तोंडं आमच्याकडे कमी नाहीत. पण तुमच्याच गावांतली माहिती वाचली आणि आजी डोळ्यांसमोर उभी राहिली. ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाजी, फळं, दूध जास्त त्यांची बाळं वजनाने बरी, आणि अंगमेहनत जास्त तिथे बाळ लहान. आजी विहिरीचं पाणी शेंदायची, सुपाऱ्या सोलायची, पुरुषांच्या पंगती उठल्यावर जेवायला बसायची. तोवर भाजीचं पातेलं खरवडलेलं असे. उरायची ती पेज आणि लोणच्याचा खार. दूध नैवेद्याला आणि मुलांना. नीट खाल्लं नाही हे खरंच, पण वाढलं कुणी होतं?

शिवाय आमचं घर शाकाहारी. सगळा गोवा हुमण-शिताचा, म्हणजे माशाची आमटी आणि भाताचा, आम्ही तेवढे डाळ-भाताचे. आणि बी-12 हे जीवनसत्त्व मुख्यतः मांस-मासे, अंडी, दुधातून मिळतं. तुमच्या गावांतल्या दोन तृतीयांश गरोदर बायकांमध्ये बी-12 कमी आणि ज्यांच्यात ते कमी पण फोलेट (फॉलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं ते) जास्त त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त, हे वाचलं तेव्हा लेकीला तिसरा महिना होता. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालू होत्या, बी-12 कुणी तपासलं नव्हतं. आम्ही विचारलं, तपासलं, कमी निघालं, औषध सुरू झालं. नात 2 किलो 900 ग्रॅमची झाली. एका नातीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे तुम्ही मला सांगायला नको. मी फक्त कळवते आहे.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहात गोवा पहिला आला, 26.4 टक्के. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत फेणी आणि पावावर बरेच विनोद झाले. मी त्यांना तुमच्या सहा गावांबद्दल सांगितलं. दोघांनी ऐकलं, बाकीचे चहाला गेले.

साखरेचा डबा आता खालच्या फळीवर आहे. पत्र लिहिते आहे म्हटल्यावर आईने निरोप दिला: ‘‘त्यांना लिही, साखर मी कधीच चोरून खाल्ली नाही. गूळ खाल्लाय दोन-तीनदा.’’

आपली कृतज्ञ,
कुळागरातली एक शिक्षिका