बाहेर उभं असलेलं रॉकेट खरं की प्रतिकृती, तेवढं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या स्पेस म्युझियमवरचा लेख वाचला, फोटो फार छान होते, पण अलाबामा राज्यातल्या हंट्सविलच्या फोटोखाली "चंद्रावर माणूस नेणारं रॉकेट" असं छापलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी ते म्युझियम बघून आलोय. बाहेर उभं आहे ते सॅटर्न फाइव्ह, म्हणजे चंद्रावर माणसं नेणाऱ्या रॉकेटची निव्वळ प्रतिकृती, १९९९ साली उभी केलेली, ३६३ फुटांची, मान अगदी मागे टाकल्याशिवाय टोक दिसत नाही. खरं सॅटर्न फाइव्ह तिथेच इमारतीच्या आत आडवं ठेवलंय आणि तेही कधी उडालेलं नाही, जमिनीवरच हादरे देऊन टेस्ट करायला बनवलेलं होतं. आणि जी सॅटर्न फाइव्ह खरोखर चंद्राकडे गेली त्यांचे खालचे दोन टप्पे (रॉकेटचे एकावर एक बसवलेले भाग) समुद्रात पडले, तिसरा अवकाशात भरकटला नाहीतर चंद्रावरच आदळला, त्यामुळे ती कुठल्याच म्युझियममध्ये उभी असू शकत नाहीत.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा शब्दाने काय बिघडतं? बिघडतं, कारण प्रतिकृती म्हटलं की लोकांना वाटतं फसवलं, आणि खरं सांगायचं तर बाहेर प्रतिकृतीच असायला हवी. ह्यूस्टनला १९७७ पासून खरं सॅटर्न फाइव्ह उघड्यावर पडून होतं, प्रत्यक्ष उड्डाणासाठी बनवलेले टप्पे जोडलेलं, आणि ऊन पाऊस दमट हवा खाऊन खाऊन ते इतकं गंजलं की आत झाडं उगवली, पक्ष्यांनी घरटी केली! शेवटी त्याच्याभोवती इमारत बांधावी लागली, मग कुठे दुरुस्ती झाली. ते निदान वाचलं तरी. अलाबामाच्या सीमेवर हायवेला लागून १९७९ पासून एक सॅटर्न वन-बी, म्हणजे सॅटर्नचंच धाकटं भावंड, उभं होतं, येणाजाणाऱ्यांची लाडकी खूण, ते इतकं खराब झालं की २०२३ मध्ये उतरवून मोडूनच टाकलं. मला वाचून फार वाईट वाटलं होतं. रॉकेट एकदाच काही मिनिटं उडायला बनवतात, चाळीस वर्षं पावसात उभं राहायला नाही.

आणि प्रतिकृतीलाही स्वतःची गोष्ट असते हो. हंट्सविललाच बाहेर पाथफाइंडर नावाची शटलची, म्हणजे अवकाशात जाऊन परत येणाऱ्या यानाची, प्रतिकृती आहे, ती १९७७ मध्ये स्टीलची बनवली, कशासाठी तर खरं शटल यायच्या आधी क्रेन पेलेल का, रस्त्यावरून वळेल का, इमारतीत मावेल का हे बघायला. म्हणजे शोपीस नव्हे, कामाला आलेली वस्तू. तिला जोडलेली इंधनाची मोठी टाकी तर खरीच आहे, इंजिनांच्या चाचण्यांत वापरलेली. हे फोटोखाली दोन ओळीत लिहिलं असतं तर वाचणाऱ्या पोरांना किती मजा आली असती.

लेखात स्मारकांवर मात्र एक ओळसुद्धा नाही, हे मला जास्त लागलं. त्याच म्युझियमच्या आवारात मिस बेकरची समाधी आहे. ही चिमुकली माकडीण, वजन पाव किलोहून थोडं जास्त, २८ मे १९५९ ला एबल नावाच्या दुसऱ्या माकडिणीबरोबर ज्युपिटर रॉकेटच्या टोकात बसून अवकाशात गेली आणि जिवंत परत आली. एबल चारच दिवसांत ऑपरेशनच्या वेळी गेली, बेकर १९८४ पर्यंत जगली. लोक अजून तिच्या दगडावर केळी ठेवून जातात, मीही थांबलो होतो तिथे थोडा वेळ, डोळ्यात पाणी आलं.

फ्लोरिडाच्या केनेडी स्पेस सेंटरमधलं स्पेस मिरर स्मारक, जीव गमावलेल्या अंतराळवीरांचं, तर आपल्या वाचकांना माहीत असायलाच हवं, कल्पना चावलाचं नाव आहे त्यावर, कोलंबिया यानातल्या तिच्या सहा साथीदारांबरोबर. काळा ग्रॅनाइट आरशासारखा घासलेला, त्यात आकाश दिसतं आणि नावं दगडाच्या आरपार कोरलेली, मागून उजेड आला की ती आभाळातच लिहिल्यासारखी वाटतात. १९९१ ला झालं तेव्हा ही अख्खी भिंत सूर्याबरोबर फिरायची. १९९७ मध्ये यंत्रणा बिघडली, खर्च परवडेना म्हणून फिरवणं बंद झालं, आता मागून दिवे लावतात. माझं मत विचाराल तर पैसे उभे करून ती परत फिरवायला हवी होती.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या अंकात फोटोओळीची दुरुस्ती छापा, "प्रतिकृती" हा शब्द स्पष्ट टाका आणि जागा असेल तर बेकरच्या समाधीचा फोटोही द्या.

आपला,
एक नियमित वाचक