अंगण पाहिलंस, अंतर मोजलंस का?

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

शहर सोडून गावात घर घ्यायचं म्हणतेस, ते तुझं पत्र तीनदा वाचलं. चार पानांपैकी साडेतीन पानं अंगण आणि खिडकीबाहेरच्या झाडावर गेली आहेत. ‘ऑफिसने कायमचं घरून काम करायला परवानगी दिली’ हे मात्र शेवटच्या कोपऱ्यात, दाटीवाटीने लिहिलेलं. मला विचारशील तर खरं कारण त्या कोपऱ्यात आहे. झाड काय, दहा वर्षांपूर्वीही तिथेच होतं.

चांगली हवा, शांतता, पोरांना हुंदडायला जागा... ही कारणं खोटी नाहीत. पण ती शहरातल्या निम्म्या माणसांच्या तोंडी असतात आणि तरी ती तिथेच राहतात. निघतो तो, ज्याचा कामाचा दोर सैल झाला. निवृत्त होतो, घरून काम मिळतं, नाहीतर तुझ्या पोरांसारखी लेकरं मोठी व्हायला लागतात आणि दोन खोल्या पुरेनाशा होतात. २०२० मध्ये महासाथीने ऑफिसं घरात आणली, तेव्हा कितीतरी माणसं मोठ्या शहरांतून बाहेर पडली. ऑफिसने परत बोलावलं तशी त्यातली काही मुकाट्याने परतलीही. म्हणून विचारते, ही परवानगी कागदावर आहे की साहेबांच्या तोंडी?

यात नवीन काही नाही म्हणा. तुझं पत्र आल्यावर ग्रंथालयात जाऊन थोडं वाचलं. माणसं जिकडे लोंढ्याने जातात, तिकडून उलटाही एक ओघ वाहत असतो, असं रॅव्हनस्टाइन नावाच्या अभ्यासकाने १८८५ मध्येच लिहून ठेवलंय. पुढे अमेरिकेत १९७०च्या दशकात ग्रामीण भागांची लोकसंख्या महानगरांपेक्षा वेगाने वाढू लागली. १९७६ मध्ये भूगोलाचे अभ्यासक ब्रायन बेरी यांनी शहराकडून गावाकडे जाणाऱ्या या उलट्या ओघाला ‘काउंटरअर्बनायझेशन’ असं जिभेला न पेलणारं नाव दिलं. रस्ते सुधारले होते, कारखाने स्वस्त जागेकडे सरकले होते, पेन्शनवाले निवांत जागा शोधत होते. पुढच्या दशकात वारं पुन्हा फिरलं. म्हणजे तेव्हाही नुसत्या हिरवाईने कुणी हललं नव्हतं, पोटापाण्याचं गणित आधी जुळलं होतं.

आता झाडाबद्दल. मी त्याला हसत नाही, बरं का. वॉर्डात इतकी वर्षं काढली, खिडकीजवळच्या खाटेसाठी पेशंट कसे धडपडतात ते मी पाहिलंय. रॉजर उलरिच नावाच्या अभ्यासकाने १९८४ मध्ये हेच तपासून छापलं होतं. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरदार औषधंही कमी लागली. शहरात रात्री भिंती नि डांबर दिवसभराची उष्णता सोडत राहतात, गाड्यांचा आवाज थांबत नाही. झोपमोडीने माणूस कसा किरकिरा होतो, हे रात्रपाळी केलेल्या बाईला सांगायला नको. तुझ्या तोंडावरचा तो थकवा मी वर्षभर बघतेच आहे.

पण मी एकोणिसाव्या वर्षी गाव सोडलं, ते का सोडलं हे तुला कधी नीट सांगितलं नाही. शिक्षण आणि नोकरी हे तर होतंच. दुसरं म्हणजे, गावात शांतता असते पण एकांत नसतो. आमच्याकडे रात्री कोण आलं आणि किती वाजता गेलं, हे सकाळी पाणी भरताना मलाच दुसरे सांगायचे. शहरात पहिल्या दिवशी जिन्यात कुणी नाव विचारलं नाही, तेव्हा मला काय मोकळं वाटलं होतं! तुला त्याचाच एकटेपणा वाटतो. तुझंही बरोबर असेल.

आणखी एक, जावईबापूंना आवडणार नाही तरी लिहिते. शहराचा पगार घेऊन गावात घर घेणारे वाढले की तिथली भाडी चढतात आणि तिथल्याच पोरांना घर परवडेनासं होतं. ‘किती स्वस्त आहे’ हे शेजाऱ्यांसमोर बोलू नका. जपानने २००९ पासून एक योजना चालवली आहे. शहरातल्या माणसाला ओस पडत चाललेल्या गावात एक ते तीन वर्षं गावाचंच काम द्यायचं. मुदत संपल्यावर त्यातले बरेच तिथेच स्थायिक होतात. मला वाटतं, गावाच्या उपयोगी पडल्यामुळे त्यांना तिथे उपरं वाटत नसावं. तू तिथे दिवसभर दार लावून लॅपटॉपपुढे बसणार असशील, तर वर्षभरानेही ‘त्या शहरातल्या’ म्हणूनच ओळखली जाशील.

तुला अडवायला हे लिहीत नाहीये. फक्त घराचे पैसे लगेच देऊ नकोस. तिथला सगळ्यात वाईट ऋतू असेल तेव्हा महिनाभर भाड्याने राहून बघ, दिवसा नेट आणि वीज किती वेळा जाते ते लिहून ठेव. शाळा तू पाहिलीस, पण दवाखान्याचा उल्लेख चार पानांत कुठेही नाही. झटका आलेल्या माणसासाठी किलोमीटर नाही, मिनिटं मोजावी लागतात, आणि माझं वय आता तेच आहे. मला घर दाखवायला नेशील तेव्हा रात्रीची ने. तिथून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत गाडी काढू, घड्याळ मी धरते.

तुझी,
आई