रोज सातशे न्यूरॉन? उंदराचे की माणसाचे, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांच्या हातात सध्या एक गुलाबी पत्रक कोंबलं जातंय. 'तीन महिन्यांत मेंदूत नव्या पेशी, विसरभोळेपणा गायब', खाली पावडरच्या डब्याची किंमत आणि पुराव्यादाखल आपल्याच आरोग्य पुरवणीतल्या लेखाचं कात्रण. लेखात पावडरीचं नावही नव्हतं. पण 'आपल्या मेंदूत रोज सातशे नवे न्यूरॉन (म्हणजे चेतापेशी) तयार होतात' हे वाक्य इतकं बिनदिक्कत छापलं होतं, की विकणाऱ्याच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

आकडा बनावट नाही. स्वीडनमधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २०१३ मध्ये तो काढला, आणि कसा काढला ते वाचण्यासारखं आहे. १९५०-६० च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढला. तो पिकांतून माणसाच्या अंगात गेला आणि पेशी जन्मली तेव्हाचं त्याचं प्रमाण तिच्या डीएनएत कायमचं नोंदलं गेलं. त्यावरून पेशींचं वय ठरवलं. मात्र हा हिशेब फक्त हिप्पोकॅम्पसचा आहे, नव्या आठवणींशी निगडित अशा छोट्या भागाचा. अख्ख्या मेंदूचा नव्हे.

प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी तयार होतात, याबद्दल वाद नाही. जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी १९६५ मध्येच ते दाखवलं. पद्धत अशी: किरणोत्सारी थायमिडीन, म्हणजे डीएनएचा एक घटक, उंदराला टोचायचं. विभाजनाच्या तयारीत असलेली पेशी ते आपल्या डीएनएत घेते. पुढे मेंदूचे पातळ काप काचपट्टीवर, त्यावर फोटोच्या फिल्मवर असतो तसला लेप, आणि काचपट्ट्या अंधारात. धुतल्यावर नव्या पेशीच्या केंद्रकावर चांदीचे काळे ठिपके उमटतात. एवढं स्वच्छ दिसूनही कित्येक वर्षं कुणी मनावर घेतलं नाही! पुढे १९९९ मध्ये अमेरिकेत पिंजऱ्यातल्या चाकावर पळणाऱ्या उंदरांत टिकून राहिलेल्या नव्या पेशी जवळपास दुप्पट भरल्या. 'चाला आणि मेंदू वाढवा' या लेखांचं मूळ तिथं आहे.

माणसाचं प्रकरण अडतं ते इथंच. जिवंतपणी मेंदूचा काप काढता येत नाही. १९९८ मध्ये कॅन्सरच्या पाच रुग्णांच्या मेंदूत, मृत्यूनंतर, नव्या पेशींची खूण सापडली. २०१८ मध्ये एका गटाला प्रौढांत अशी एकही पेशी दिसली नाही, आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाला ७९ वर्षांपर्यंतच्या माणसांत हजारो दिसल्या. वर्षभराने स्पेनच्या संशोधकांनी दाखवलं, की मेंदू जतन करायच्या रसायनात जास्त काळ पडून राहिला तर नव्या पेशी ओळखायची प्रथिनंच दिसेनाशी होतात. फ्रिसेन यांच्याच गटाच्या २०२५ च्या कामात प्रौढांमध्ये विभाजित होणाऱ्या मूळ पेशी सापडल्या, पण काहींत भरपूर आणि काहींत जवळजवळ नाहीत. मग 'प्रत्येकात रोज सातशे' हे कुठून आणायचं? आणि पावडर खाऊन त्या वाढतात, हे तर माणसात कुणी दाखवलेलंच नाही.

चालण्याला माझा विरोध नाही. साखर आणि रक्तदाबासाठी ते चांगलंच आहे. (परतताना मिसळीवर ताव मारतो, तो भाग वेगळा.) पण घरातलं वडीलधारं माणूस नावं विसरायला लागलं की घरचे काहीही विकत घ्यायला तयार होतात. पत्रक त्यांच्यासाठीच छापलंय.

म्हणून दोन विनंत्या. अशा लेखात प्रयोग उंदरावर की माणसावर, हे पहिल्या परिच्छेदातच यावं. दुसरी अशी, की हा वाद सुटायला वेळेत जतन केलेले मेंदू लागतात. बंगळूरच्या निमहान्स या मेंदू व मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत मेंदूपेढी आहे. नेत्रदान-देहदानावर आपण नेहमी छापता, तसं मेंदूदानावरही एकदा सविस्तर छापा: संमती कुणाची लागते, किती तासांत मेंदू पोचवावा लागतो, आणि कोल्हापुरातून ते जमण्यासारखं आहे का.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर