मथळ्यात फक्त भाजीपाला उरतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वनस्पती-आधारित आहाराने मधुमेह आणि हृदयविकार ‘उलटवता’ येतो, अशा आशयाचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. लेखाच्या दिशेशी माझे भांडण नाही. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. डाळी, कडधान्ये, भाज्या, फळे, अख्खी धान्ये वाढवा, हे माझे रोजचेच सांगणे आहे. तक्रार आहे ती लेखातून जे गळले त्याबद्दल. संशोधकांनी रुग्णांसाठी चार-पाच गोष्टी एकत्र केलेल्या असतात. छापून येईपर्यंत त्यातली एकच शिल्लक राहते.

अमेरिकन डॉक्टर डीन ऑर्निश यांचा अभ्यास लेखात एका वाक्यात उरकला आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते. त्याचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे असलेले एकूण ४८ रुग्ण त्यात होते. त्यातल्या २८ जणांना ज्यात जेमतेम १० टक्के उष्मांक स्निग्ध पदार्थांतून येतात असा शाकाहार दिला गेला. पण त्याच्या जोडीला नियमित व्यायाम होता, योगासने आणि ध्यान होते, धूम्रपान बंद होते आणि एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या बैठकाही होत्या. उरलेल्या २० जणांवर नेहमीचे उपचार चालू राहिले.

पाच वर्षांनंतरचे आकडे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात रक्तवाहिन्यांचे अरुंदपण टक्केवारीच्या हिशेबात सरासरी ३.१ने कमी झाले होते. दुसऱ्या गटात ते ११.८ने वाढले होते. ‘उलटवता येतो’ हे वाचून तुंबलेला नळ मोकळा झाल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात सुधारणा तीन टक्क्यांची होती. मोठी गोष्ट ही की आजार पुढे सरकला नाही. तिकडे २८ जणांत मिळून हृदयाच्या तक्रारींचे, म्हणजे झटका, अँजिओप्लास्टी, रुग्णालयात भरती वगैरेंचे, २५ प्रसंग आले, तर २० जणांत ४५. हा फरक मी अजिबात कमी लेखत नाही. मात्र तो भाजीने पडला, चालण्याने पडला, ध्यानाने पडला की आठवड्याला कोणीतरी ‘कसे चालले आहे?’ असे विचारत होते म्हणून पडला, हे या अभ्यासावरून सांगता येत नाही. शिवाय पाच वर्षांनी पूर्ण माहिती हाती असलेले रुग्ण होते ३५.

मधुमेहाबाबत तर घोटाळा आणखी मोठा आहे. मधुमेह ‘परतवण्याचा’ सर्वांत गाजलेला अलीकडचा अभ्यास ब्रिटनमधला, ‘डायरेक्ट’ नावाचा. त्यात ३०६ जण होते, सगळे निदान होऊन सहा वर्षांच्या आतले आणि इन्सुलिन न घेणारे. वर्षभरात उपचार गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली. तुलनेच्या गटात ४ टक्क्यांची. आता त्यांना दिले काय होते? सुरुवातीचे तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० उष्मांकांचे पेय आणि सूप, तेही पुड्यांतले! पालेभाजीचा त्यात काही संबंध नाही. काम केले ते घटलेल्या वजनाने. ज्यांचे वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरले त्यांच्यापैकी ८६ टक्के लोकांचा मधुमेह मागे हटला. दुसऱ्या वर्षाअखेर एकूण प्रमाण ४६वरून ३६ टक्क्यांवर आले, कारण वजन परत चढते. हा भाग सहसा छापून येत नाही.

मग वनस्पती-आधारित आहाराचा स्वतःचा वाटा किती? २००६ मध्ये डॉ. नील बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी ९९ मधुमेहींवर २२ आठवडे केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो, कारण त्यात दुसऱ्या गटालाही नीट आखलेला आहार होता. दोन्ही गटांची साखर सुधारली. ज्यांची औषधे मध्ये बदलली नाहीत त्यांच्यात पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी, टक्क्यांत मोजली जाणारी रक्तचाचणी) १.२३ने उतरले, दुसऱ्या गटाचे ०.३८ने. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर मात्र दोन गटांतले अंतर बरेच कमी होते. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल उतरते याचा पुरावा यापेक्षा पक्का आहे. म्हणजे बाजू भक्कम आहे. तिला फुगवून सांगायची गरजच नाही.

‘आम्ही तर मांसाहार करतच नाही’ म्हणून निर्धास्त असलेल्या वाचकांसाठी एक अभ्यास ठळक छापायला हवा होता. अमेरिकेतल्या दोन लाखांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये वनस्पतीजन्य आहाराचेच दोन भाग करून पाहिले गेले. अख्खी धान्ये, कडधान्ये, फळे, भाज्या, सुकामेवा यांवर भर असणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे २५ टक्के कमी दिसला. मैदा, साखर, गोड पेये, बटाटा यांवर भर असणाऱ्यांत तो ३२ टक्के जास्त. बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरे वाचून पाहा: मैदा, साखर, पामतेल. तिन्ही वनस्पतीच देतात.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसले ते. असाच एक लेख वाचून एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांनी आहार मनापासून बदलला होता, भात निम्म्याहून कमी केला होता, रोज चालायला लागले होते. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र जुन्याच मात्रेत चालू होती. दुपार कलली की हात थरथरायचे, दरदरून घाम यायचा. त्यांना वाटत होते, शरीरातली घाण बाहेर पडते आहे. साखर मोजली तेव्हा ती ५८, म्हणजे धोकादायक इतकी कमी निघाली. आहार बदलला की इन्सुलिन आणि काही गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावीच लागते. बर्नार्ड यांच्या प्रयोगातही वनस्पतीजन्य आहाराच्या गटात ४३ टक्के लोकांची औषधे कमी झाली, पण ती वैद्यकीय देखरेखीखाली. याच्या उलट, लेख वाचून सगळ्या गोळ्या एकदम बंद करणारेही भेटतात आणि त्यांचे काय होते ते मी इथे लिहीत नाही.

वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असलेल्या माणसाने अचानक हिरव्या पालेभाज्या दुप्पट केल्या तर त्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम उतरतो. मूत्रपिंड अधू असलेल्याला भरपूर फळे-भाज्यांतले पोटॅशियम झेपेलच असे नाही. प्राणिजन्य पदार्थ पूर्ण सोडणाऱ्याला बी-१२ची गोळी किंवा बी-१२ घातलेले अन्न लागतेच, पर्याय नाही.

आणखी एक, जाता जाता. ब्रिटनमधल्याच ४८ हजार लोकांच्या पाहणीत (२०१९) शाकाहारींमध्ये हृदयविकार २२ टक्के कमी आढळला, तसा पक्षाघात २० टक्के जास्त आढळला. उद्या कोणी ‘शाकाहाराने पक्षाघात’ असा मथळा दिला तर तोही इतकाच अर्धवट ठरेल.

आपल्या पुरवणीला वाचक मोठा आहे आणि घरोघरी कात्रणे जपून ठेवली जातात, म्हणून विनंती. अशा लेखासोबत एक चौकट द्यावी: अभ्यासात किती माणसे होती, किती काळ, तुलनेच्या गटाला काय दिले आणि आहाराखेरीज आणखी काय काय केले. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधे आणि मूत्रपिंडाचे आजार यांबाबतचा इशारा त्याच चौकटीत आणि मजकुराच्याच आकाराच्या अक्षरांत असावा. मजकूर तपासून हवा असल्यास मी विनामोबदला तपासून देईन.

आपली,
एक वाचक आणि आहारतज्ज्ञ