ग्रीक मजकूर नुसता फॉन्ट बदलून छापता येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रंथनिर्मितीच्या बदलत्या तंत्रावरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीत पुस्तक कसे घडते, हे वर्तमानपत्राच्या वाचकाला कळेल अशा भाषेत क्वचितच कुणी लिहिते. त्याबद्दल लेखकाचे आभार. मात्र ओघात त्यांनी असेही म्हटले आहे की, युनिकोडमुळे, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या प्रमाणामुळे, आता ग्रीक अवतरण छापायला फक्त फॉन्ट बदलावा लागतो. मी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. तत्त्वज्ञानाचे आणि गणिताच्या इतिहासाचे ग्रंथ माझ्याकडे येतात, त्यांत ग्रीक असतेच. या विधानावर विसंबून कुणी प्लेटोचे अवतरण जुळवायला घेतले तर पानावर काय उतरते ते मी वरचेवर पाहते, म्हणून हे पत्र.

आपल्यापैकी बहुतेकांची ग्रीकशी ओळख गणितातून होते. अल्फा, बीटा, थीटा, पाय ही अक्षरे असंख्य फॉन्टमध्ये सापडतात आणि गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. गणितातला अल्फा हे एक चिन्ह असते, त्याच्या डोक्यावर काही नसते. प्राचीन ग्रीक मजकुरातला स्वर इतका मोकळा नसतो. त्यावर ऑक्सिया, वारिया किंवा पेरिस्पोमेनी यांपैकी एखादे आघातचिन्ह येते. शब्दाच्या आरंभी स्वर असेल तर श्वासचिन्ह हवेच: ‘ह’ उच्चारायचा असेल तर दासिया, नसेल तर प्सिली. शिवाय अल्फा, ईटा आणि ओमेगा यांच्या पायाशी कधी छोटा आयोटा बसतो. ‘ज्याला’ या अर्थाचे एक सर्वनाम तर एकाच ओमेगाचे आहे. डोक्यावर दासिया आणि पेरिस्पोमेनी, खाली आयोटा. युनिकोडमध्ये या सगळ्या जोडणीला मिळून १एफए७ हे एकच स्थान, म्हणजे एकच क्रमांक, आहे.

ही चिन्हे शोभेची नाहीत. ‘होरोस’ म्हणजे सीमा, व्याख्या. त्यातल्या दासियाचे तोंड उलटे फिरले की ती प्सिली होते, शब्द ‘ओरोस’ वाचला जातो आणि अर्थ होतो डोंगर. युक्लिडच्या भूमितीचा आरंभच व्याख्यांनी होतो. तिथे हे चिन्ह चुकले तर भूमिती शिकलेल्या वाचकाला कळणार नाही, पण ग्रीक जाणणाऱ्याचा पुस्तकावरचा विश्वास पहिल्याच पानावर उडेल.

आता फॉन्टचा प्रश्न. साधी ग्रीक अक्षरे युनिकोडच्या ०३७० पासूनच्या विभागात आहेत. प्राचीन ग्रीकच्या चिन्हांकित जोडण्या १एफ०० ते १एफएफएफ या ‘ग्रीक विस्तारित’ विभागात. ग्रीस देशाने १९८२ मध्ये ही बहुचिन्ही पद्धत अधिकृत वापरातून काढली आणि एकाच आघातचिन्हाची पद्धत स्वीकारली. त्यामुळे आजच्या ग्रीक वाचकासाठी फॉन्ट बनवणाऱ्याला पहिला विभाग पुरतो आणि अनेक फॉन्ट तिथेच थांबतात. फॉन्टच्या माहितीत ‘ग्रीक’ असे लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते. ॲरिस्टॉटल छापायला मात्र तो फॉन्ट कामाचा नसतो.

अशा फॉन्टकडे १एफए७ मागितले की काय होते? नेहमीच्या लेखनप्रणाली गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधले अक्षर उचलून आणतात आणि एका शब्दात दोन वळणे दिसतात. लाटेक ज्यांवर चालते ती झीटेक आणि लुआटेक ही युनिकोड जाणणारी इंजिने तसे करत नाहीत. तिथे कधी रिकामी चौकट उमटते, तर कधी अक्षर सरळ गायब होते आणि शेजारची अक्षरे एकमेकांना चिकटून बसतात. अमुक अक्षर अमुक फॉन्टमध्ये नाही, अशी नोंद लॉग फाइलमध्ये होते, पण पाने वेळेत पाठवायची असताना लॉग कोण उघडतो! यावर एक साधा उपाय आहे. ‘ट्रेसिंगलॉस्टकॅर्स’ या आज्ञेला ३ ही किंमत द्यावी. टेक लाइव्ह या लाटेकच्या प्रणालीसंचाच्या २०२१ च्या आवृत्तीपासून असे केल्यास हरवलेले अक्षर ही चूक धरली जाते आणि ती समोर येते. माझ्या प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी ही ओळ असते आणि ती कुणी काढलेली मला चालत नाही.

लेखात ‘पूर्वी ग्रीक जुळवणे किचकट होते’ इतकेच आले आहे. त्या काळातल्या लोकांनी केलेल्या कामाविषयी मला फार आदर आहे. सिल्व्हिओ लेव्ही यांनी १९८० च्या दशकात लाटेकचा पाया असलेल्या टेकसाठी ग्रीक अक्षरे घडवली, पुढे क्लाउडिओ बेक्कारी यांनी मोठे फॉन्टकुटुंब दिले आणि त्यावर कितीतरी उत्तम ग्रंथ छापले गेले. पण त्या पद्धतीत रोमन अक्षरे टंकायची आणि फॉन्टने ती ग्रीक करून दाखवायची, असा करार होता. डब्ल्यू म्हणजे ओमेगा, जे म्हणजे थीटा, वाय म्हणजे प्सी. ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह म्हणजे प्सिली, ‘पेक्षा लहान’चे चिन्ह म्हणजे दासिया. छापील पान देखणे असे, फाइलमध्ये ग्रीकचे एक अक्षरही नसे. तो मजकूर दुसऱ्या प्रणालीत नेला की उरे ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग.

मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये जुळवलेली पुस्तके आज उघडली की हेच होते: पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा आणि तो फॉन्ट आता कुणाकडे नाही. म्हणून फाइलमध्ये खरे अक्षर असणे ही माझ्या लेखी पहिली अट आहे, छपाईचे सौंदर्य त्यानंतर.

युनिकोडने हे शक्य केले, यात शंका नाही. झीलाटेक किंवा लुआलाटेक (त्या दोन इंजिनांवर चालणारे लाटेक) घ्यावे, फॉन्ट नेमून देणारे फॉन्टस्पेक हे पॅकेज जोडावे, मुख्य मजकुराला देवनागरी फॉन्ट आणि ग्रीकला स्वतंत्र फॉन्टकुटुंब नेमावे. पण इथेही ‘फक्त फॉन्ट’ पुरत नाही. पॉलिग्लॉसिया किंवा बाबेल या भाषा हाताळणाऱ्या पॅकेजच्या साहाय्याने त्या शब्दांची भाषा ग्रीक आहे हेही प्रणालीला सांगावे लागते, आणि ग्रीक म्हणजे कोणते तेसुद्धा. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा याचे आराखडे आधुनिक एकचिन्ही, आधुनिक बहुचिन्ही आणि प्राचीन अशा तिघांसाठी वेगवेगळे आहेत. भाषा न सांगता लांबलचक ग्रीक शब्द परिच्छेदात सोडला की तो समासात घुसतो, नाहीतर प्रणाली तो भलत्याच जागी तोडते. लुआलाटेकमध्ये बाबेलला लिपी ओळखून भाषा आणि फॉन्ट आपोआप बदलायलाही सांगता येते. तळटीपांत सुटा ग्रीक शब्द वारंवार येणाऱ्या ग्रंथात ही सोय मोलाची आहे.

फॉन्ट निवडताना माझी पसंती ग्रीक फॉन्ट सोसायटीच्या (जीएफएस) फॉन्टना असते. जीएफएस डिडो सरळ, खुले वळण. लांब अवतरणांना तेच बरे. जीएफएस पोर्सन हे रिचर्ड पोर्सन या अभ्यासकाच्या हस्ताक्षरावरून घडलेल्या इंग्लंडमधल्या छपाईच्या खिळ्यांचे (धातूच्या अक्षरांचे) रूप आहे, त्याची छोटी अक्षरे किंचित कललेली आहेत आणि काव्याला ती शोभतात. व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियस या मुद्रकाने १४९५ ते १४९८ या काळात ॲरिस्टॉटल ग्रीकमध्ये छापला तेव्हा खिळे त्या काळच्या धावत्या हस्ताक्षरावर बेतले होते, जोडाक्षरांनी गच्च भरलेले. ती पाने पाहायला सुरेख आहेत, पण आजच्या वाचकाला ती वाचताना अडखळायला होते. पोर्सनची सुटी, स्वच्छ अक्षरे पाहिली की वाचकाची सोय म्हणजे काय ते कळते. पोर्सनला ठळक रूप नाही. शीर्षकासाठी यंत्राकडून कृत्रिम ठळकपणा आणण्याचा मोह होतो. तो टाळावा, बारीक श्वासचिन्हे त्यात बुजून जातात.

देवनागरीशेजारी ग्रीक ठेवताना आकाराचा एक प्रश्न येतो, ज्याचे उत्तर रोमन मजकुरासाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत मिळत नाही. फॉन्टस्पेकमधला ‘मॅचलोअरकेस’ हा पर्याय दोन फॉन्टच्या छोट्या अक्षरांची उंची जुळवतो. देवनागरीत छोटी-मोठी अक्षरे असा भेदच नाही, तेव्हा तो कशाशी जुळवणार? मी शिरोरेषेखालचा अक्षराचा भाग आणि ग्रीक अल्फाची उंची शेजारी छापून डोळ्यांनी प्रमाण ठरवते. फॉन्टची जोडी बदलली की प्रमाण पुन्हा ठरवायचे.

एक सापळा मुद्रितशोधकालाही दिसत नाही. ऑक्सिया असलेला अल्फा १एफ७१ या स्थानी आहे, आधुनिक ग्रीकचा आघातयुक्त अल्फा ०३एसी या स्थानी. युनिकोडच्या नियमाप्रमाणे ही दोन्ही एकच अक्षर समजायची आणि मजकुराचे प्रमाणीकरण केले, म्हणजे समान अक्षरांचा एकच क्रमांक ठेवला, की पहिल्याच्या जागी दुसरे येते. पण वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेल्या अवतरणांत दोन्ही मिसळलेली असतात. काही फॉन्ट आधुनिक चिन्ह उभे काढतात आणि ऑक्सिया तिरपी, त्यामुळे एकाच ओळीत दोन तऱ्हा दिसतात. दोन्ही सारखी दिसली तरी शब्दसूचीत एकच शब्द दोनदा येतो. यासाठी सगळा ग्रीक मजकूर जुळणीआधी एकदा प्रमाणित करून घ्यावा. ग्रीक प्रश्नचिन्ह आपल्या अर्धविरामासारखे दिसते, हेही मुद्रितशोधकाला आधी सांगून ठेवावे. नाहीतर तो सद्हेतूने त्या जागी आपले प्रश्नचिन्ह घालतो. शब्दाच्या शेवटी येणारा सिग्मा वेगळ्या आकाराचा असतो, तोही असाच ‘दुरुस्त’ होताना मी पाहिला आहे.

आपल्या पुरवणीतही अधूनमधून ग्रीक शब्द येतात आणि ते बहुधा चित्र म्हणून चिकटवलेले असतात. ते ना शोधता येतात ना उचलून कोशात पाहता येतात. लेखकाकडून ग्रीक मजकूर युनिकोडमध्येच मागवावा आणि सोबत त्याने छापील पानाचे छायाचित्रही पाठवावे, म्हणजे चिन्हे ताडून पाहता येतील. बहुचिन्ही ग्रीकचा कळफलक संगणकाच्या प्रणालींत दिलेला असतो, तो फक्त चालू करावा लागतो. वर सांगितलेले दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात. आपल्या जुळणी विभागाला आकाराचे प्रमाण ठरवण्यासाठी नमुना पान हवे असेल तर मी ते आनंदाने करून देईन.

आपली,
एक अक्षरजुळणीकार