खिंडार बचावफळीत नाही, तिच्या पुढे आहे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२९ मार्च २०२५च्या रात्री इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर आपल्या मुंबई सिटी फुटबॉल क्लबवर पाच गोल चढले आणि आपल्याला एकही फेडता आला नाही. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. सकाळी मी गुढीची काठी पुसत होतो आणि नातू कडुलिंबाची डहाळी धरून शेजारी उभा होता. निळी जर्सी त्याने रात्रीच काढून कपाटात टाकली होती. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आजोबा, आपले डिफेंडर वाईट आहेत का?" त्याला जे उत्तर दिलं तेच क्लबच्या व्यवस्थापनापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र लिहितो आहे. सुपर कपही आता आटोपला, तिथे उपांत्य सामन्यात जमशेदपूरकडून १-० हरलो. पुढच्या हंगामाचा संघ याच दोन-तीन महिन्यांत ठरणार.

आपले डिफेंडर वाईट नाहीत. त्याच मैदानावर, त्याच बंगळूरला ११ मार्चला याच संघाने २-० हरवलं होतं आणि त्या विजयावरच सहाव्या क्रमांकाने आपण बाद फेरीत गेलो होतो. अठरा दिवसांत कुणी बचाव करायला विसरत नाही. तरीही जो भेटतो तो एकच गोष्ट सांगतो, की एक दांडगा परदेशी स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारा डिफेंडर, आणा. मला हे पटत नाही. कारण सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मी मूळचा कोल्हापूरचा. तिथे फुटबॉलचे संघही तालमींचेच. १९८०च्या दशकात मंगळवार पेठेतल्या एका तालमीकडून शाहू स्टेडियमवर स्टॉपर खेळायचो. पुढे नोकरीसाठी मुंबईत आलो आणि काही वर्षं कचेरीच्या संघातून कूपरेजवर खेळलो. तालमीत आमचे वस्ताद सरावाला चौघा बॅकच्या कमरेला एकच कासरा बांधायचे. बैलाचा, जाडजूड, घामाने भिजला की कातडी सोलणारा. एक जण चेंडूवर धावला की उरलेल्या तिघांना ओढ बसायची आणि जो जागेवर राहील तो तोंडघशी पडायचा. पंधरा दिवसांनी कासरा सोडला तरी ओढ अंगात राहिलेली असायची. मग वस्तादांनी आणखी एक दोर आणला. त्याचं एक टोक माझ्या कमरेला आणि दुसरं माझ्या पुढे मध्यफळीत खेळणाऱ्या सेंटर हाफच्या कमरेला. "ह्यो पुढं गेला आन् तुम्ही मागं ऱ्हायला, तर मधल्या जागंत सगळं गाव जेवून जाईल," असं ते म्हणायचे. त्या हंगामात आमच्यावर सगळ्यात कमी गोल चढले, आणि त्याचं श्रेय त्या हाफचं होतं. लोक मात्र आमच्या पाठीवर थाप मारायचे.

मुंबई सिटीचा तो दुसरा दोर गेल्या उन्हाळ्यात तुटला. ४ मे २०२४ला कोलकात्यात सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानविरुद्ध एका गोलने मागे असताना आपण अंतिम सामना ३-१ने मारून लीगचा चषक जिंकला. त्या हंगामात लीगच्या २२ सामन्यांत आपल्यावर १९ गोल झाले होते. मागे राहुल भेके होता, मुंबईचाच मुलगा आणि संघाचा कर्णधार. पुढे मध्यफळीत लालेंगमाविया राल्टे, ज्याला सगळे अपुइया म्हणतात. उन्हाळा सरायच्या आत अपुइया मोहन बागानकडे गेला आणि भेके बंगळूरकडे. चषक जिंकणाऱ्या संघातले पेरेरा डियाझ आणि नोगेराही बंगळूरलाच गेले. पुढच्या हंगामात २४ सामन्यांत आपल्यावर २८ गोल झाले. २९ मार्चचा पाचवा गोल डियाझने मारला, तेव्हा घरात कुणीच काही बोललं नाही.

मोहन बागानने या हंगामात २४ सामन्यांत फक्त १६ गोल होऊ दिले आणि साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला मिळणारी शील्ड नेली. त्यांनी टॉम ऑल्ड्रेड आणि अल्बर्टो रॉड्रिग्ज हे दोन स्टॉपर नव्याने आणले, हे खरं आहे आणि दोघेही उत्तम आहेत. पण त्या दोघांपर्यंत चेंडू पोचायच्या आधी अपुइया तो किती वेळा काढून घेतो, हे एखादा सामना फक्त त्याच्याकडे बघत पाहिला तर कळेल. मी तसा पाहिला आहे. चेंडू उजवीकडे असतो, सगळं स्टेडियम उजवीकडे बघत असतं, आणि हा पोरगा डावीकडे चार पावलं सरकून उभा राहतो. पुढचा पास तिथेच येतो.

त्याच्या बदल्यात आपल्याकडे काय आलं? ब्रँडन फर्नांडिस आला. गोव्याचा हा खेळाडू मला मनापासून आवडतो, पास देण्याची अशी नजर आपल्या देशात फार थोड्यांकडे आहे. आधीपासून असलेला योएल व्हॅन निफही चेंडू सुंदर खेळवतो. पण दोघेही चेंडू पायात असताना फुलतात. प्रशिक्षक पेत्र क्रात्की यांची पद्धत गोलकीपरपासून पासवर खेळ रचत जाण्याची आहे, त्यात दोन्ही विंग बॅक, म्हणजे कडेचे डिफेंडर, वर चढतात. ती पद्धत बदला असं मी म्हणणार नाही, तिनेच चषक दिला. पण त्या पद्धतीत चेंडू मध्यावर सुटला की मागे उरतात दोन स्टॉपर आणि मोकळं गवत. अशा वेळी कितीही मोठा डिफेंडर असला तरी तो हरणारच.

म्हणून माझी पहिली मागणी आहे ती चेंडू हिसकावून घेणाऱ्या मध्यरक्षकाची. मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळवता येतात. त्यातली एक जागा दुसऱ्या परदेशी स्टॉपरवर घालवण्यापेक्षा या कामासाठी ठेवावी. या जागेचे चांगले भारतीय खेळाडू मोजकेच आहेत आणि ज्यांच्याकडे आहेत ते क्लब त्यांना सोडत नाहीत.

दुसरं, आपला स्टॉपर मेहताब सिंग याला कोणत्याही किमतीत जाऊ देऊ नये. तो २०२०पासून इथे आहे, नुकताच २७ वर्षांचा झाला आहे आणि स्टॉपरची खरी वर्षं आता सुरू होतात. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलायला मोकळा असतो, तेव्हा अशा माणसाशी बोलणी वर्षभर आधीच करायची असतात. भेके आणि अपुइया एकाच उन्हाळ्यात गेले, त्यातून क्लबने एवढं तरी शिकावं.

आपला परदेशी स्टॉपर तिरी, त्याच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. २०२२ मध्ये गुडघ्याची मोठी दुखापत झाल्यावरही तो परत उभा राहिला आणि चषक जिंकलेल्या संघाचा कणा झाला. जुलैमध्ये तो ३४चा होईल. त्याला आणखी एक वर्ष ठेवावं, पण प्रत्येक सामन्यात पूर्ण नव्वद मिनिटं खेळवू नये, आणि त्याच्या शेजारी एखादा विशी-बाविशीचा भारतीय मुलगा तयार करावा. उजव्या बाजूला अमेय रानवडेला ओडिशाकडून परत आणता आलं तर बघावं. तो मुंबईचा आहे आणि २०२०-२१ला शील्ड आणि चषक दोन्ही जिंकणाऱ्या आपल्या संघात होता.

त्या विशी-बाविशीच्या मुलासाठी एक विनंती. कोल्हापुरातून अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला, पण तो आघाडीला खेळणारा. आमच्याकडच्या स्टॉपरकडे कुणी बघायलाच येत नाही. क्लबने एक जाणता माणूस हंगामभर शाहू स्टेडियमवर बसवावा. फक्त गोल बघून परत जाऊ नये, चेंडू दुसऱ्या टोकाला असताना मागचा पोरगा कुठे उभा राहतो ते त्याने टिपावं.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला अंधेरीला आम्ही दोघं नेहमीच्या जागेवर असू. नातवाने जर्सी पुन्हा बाहेर काढली आहे. त्याला मी सांगून ठेवलंय, की या वेळी मेहताबकडे बघायचं नाही, त्याच्या पुढे दहा यार्डांवर कोण उभा आहे ते आधी बघायचं.

आपला,
एक जुना स्टॉपर
जोगेश्वरी (पूर्व), मुंबई