प्राध्यापक थॉमस बेली यांना, एका कम्युनिटी कॉलेजातून

आदरणीय बेली सर,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, आणि मराठीतलं हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची शक्यताही कमीच. पण न्यू जर्सीत माझ्या टेबलासमोर येऊन बसणाऱ्या मराठी बायकांना मी कम्युनिटी कॉलेजांवरच्या तुमच्या संशोधनाबद्दल इतक्यांदा सांगितलंय, की एकदा ते जाहीरपणे लिहून टाकावं म्हटलं. मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात अ‍ॅडव्हायझर आहे. कोणी कोणते विषय घ्यायचे, कुठल्या क्रमाने घ्यायचे, भारतातल्या मार्कशीटवर किती क्रेडिट मिळतील, पुढे चार वर्षांच्या कॉलेजात ट्रान्सफर कशी होईल, हे बघणं माझं काम. त्याआधी मी अशाच एका कॉलेजात विद्यार्थिनी होते, तीही अर्धवट सोडून गेलेली.

ज्यांना ही कॉलेजं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, बेताची फी, वयाची अट नाही, शाळा पूर्ण केलेल्या कुणालाही प्रवेश. पहिलं 1901 साली इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं, आता अमेरिकेत अशी हजारावर आहेत. नोकरी करणारे, मुलंबाळं असलेले, नुकते या देशात आलेले, सगळे इथे येतात. आणि त्यातले बरेचसे पदवी न घेताच जातात.

मीही गेले. सांगलीला एस.वाय.नंतर लग्न झालं, इथे आले, मुलगा शाळेत जायला लागल्यावर सोशल वर्क करायचं म्हणून नाव घातलं. पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरवर चाचणी. तिचा निकाल पुढची काही वर्षं ठरवणार आहे हे कुणी सांगितलं नाही. अवयव पाडण्याची गणितं डोळ्यांसमोर होती, आणि ती शेवटची केल्याला एक तप उलटून गेलं होतं. निकाल लागला: रेमेडियल गणित, म्हणजे कॉलेजच्या गणिताआधी शाळेच्या गणिताची उजळणी, तीन पायऱ्या, पहिली अपूर्णांकांची. फी पूर्ण, क्रेडिट शून्य. ती पायरी मी ‘ए’ घेऊन पार केली. पुढच्या सेमिस्टरला मुलाचं आजारपण, नवऱ्याची बदललेली शिफ्ट, आणि अजून दोन पायऱ्या संपल्याशिवाय खरा अभ्यास सुरूच होणार नाही ही जाणीव. नाव घातलं नाही. कॉलेजातून एक फोनसुद्धा आला नाही. घरी सगळे म्हणाले, ‘गणित तुला पहिल्यापासून जडच.’ मलाही ते पटलं, ‘ए’ मिळूनसुद्धा पटलं. ह्याचं मला अजून नवल वाटतं.

तुमचा 2010 चा अभ्यास मी पुष्कळ उशिरा वाचला. डाँग वूक जाँग आणि सुंग-वू चो यांच्याबरोबर तुम्ही सात राज्यांतल्या 57 कॉलेजांतले अडीच लाखांवर विद्यार्थी तपासले होते. रेमेडियलला पाठवलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जण सगळ्या पायऱ्या पार करतात, आणि जवळजवळ 30 टक्के तर एकाही रेमेडियल वर्गात नाव घालत नाहीत, असं त्यात दिसलं. माझे डोळे उघडले ते पुढच्या निष्कर्षाने. वर्गात नापास होऊन किंवा वर्ग अर्ध्यावर टाकून गळणाऱ्यांपेक्षा, पहिल्या किंवा पुढच्या पायरीला नावच न घातल्याने गळणारे जास्त आहेत. म्हणजे पास होऊनही निघून जाणारे लोक आहेत, आणि मोठ्या संख्येने आहेत. ‘नापास’ आणि ‘नाव न घातलेले’ हे दोन रकाने तुम्ही वेगळे ठेवलेत, त्याबद्दल तुमचे आणि तुमच्या सहकाऱ्यांचे मनापासून आभार. तोवर आम्ही सगळे एकाच रकान्यात होतो, कच्च्यांच्या.

तुम्ही मुळात श्रमबाजाराचे अर्थतज्ज्ञ. 1996 साली न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटर सुरू केलंत. मोठे संशोधक तेव्हा नामांकित विद्यापीठांबद्दल लिहीत, आमच्यासारख्या कॉलेजांकडे फारसं कुणी बघत नसे. तुमच्याच केंद्रातल्या ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी 2012 मध्ये दाखवलं, की प्रवेशाच्या त्या चाचणीमुळे गणितात साधारण चारांतला एक आणि इंग्रजीत तिघांतला एक जण अगदी चुकीच्या पातळीवर जाऊन बसतो. शाळेतले मार्क त्याहून बरा अंदाज देतात. यानंतर बऱ्याच राज्यांनी रीत बदलली. टेनेसीने 2015 पासून विद्यार्थ्यांना थेट कॉलेजच्या गणितात बसवून जोडीला जादा तास द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये त्यासाठी कायदाच केला.

मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं तोवर हे वारं आमच्याकडेही पोचलं होतं. मला थेट स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात बसवलं, बरोबर आठवड्याचा एक जादा तास. सोशल वर्कला स्टॅटिस्टिक्स लागतं, इंजिनिअरिंगसाठीची अल्जेब्रा लागत नाही, ही एवढी साधी गोष्ट तोपर्यंत मला कुणी सांगितलीच नव्हती. पास झाले. पुढचं सगळं सुरळीत झालं म्हणून लिहिण्यासारखं नाही.

2015 साली शॅना जॅगर्स आणि डेव्हिस जेन्किन्स यांच्याबरोबर तुम्ही जे पुस्तक लिहिलंत त्याची प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये असते. आमची कॉलेजं कॅफेटेरियासारखी झाली आहेत, शेकडो विषय मांडून ठेवलेत आणि निवड विद्यार्थ्यावर सोडली आहे, असं तुमचं म्हणणं. मला आपली खानावळ आठवते. तिथे ताट येतं, पोळी, भाजी, आमटी, भात. लोणचं हवं तर मागून घ्या. दिवसभर राबून आलेल्या माणसाला मेनूकार्ड वाचायला लावत नाहीत. आता प्रत्येक शाखेसाठी आमच्याकडे एका पानाचा नकाशा आहे: पहिल्या सेमिस्टरला हे चार, दुसऱ्याला हे, गणित हे, आणि ट्रान्सफरला धरले जाणारे विषय कुठले ते ठळक अक्षरांत. गेल्या महिन्यात नांदेडची एक मुलगी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं लावून आली होती. तिने ते पान दोन्ही हातांनी धरून वाचलं आणि विचारलं, ‘म्हणजे मॅडम, हे एवढंच?’ एवढंच. बाकीचा वेळ आम्ही तिच्या मुलीच्या पाळणाघराबद्दल बोललो, कारण तिची खरी अडचण ती होती.

माझे वडील पोस्टात होते. मुंबईत असताना ते सिद्धार्थ कॉलेजच्या सकाळच्या वर्गांना जात आणि तिथून तसेच ड्यूटीवर. बाबासाहेबांनी 1946 साली ते कॉलेज काढलं तेव्हा नोकरदारांची सोय बघून वेळ ठरवली होती. बाबासाहेब शिकले ते कोलंबिया तुमच्या टीचर्स कॉलेजच्या समोर, 120 व्या रस्त्यापलीकडे. योगायोगच आहे, पण मला तो सांगायला आवडतो. माणूस जसा जगतो त्याप्रमाणे कॉलेज बांधायचं असतं, हे आमच्या घरात तुमच्या आधीपासून माहीत होतं. आकड्यांनी सिद्ध केलंत तुम्ही.

थोडी तक्रारही करते. तुमचे शब्द उचलून वेबसाइटवर लावणारी कॉलेजं मी पाहिली आहेत. नकाशा छापायला खर्च फारसा येत नाही, अ‍ॅडव्हायझर नेमायला येतो, म्हणून छपाई होते आणि नेमणूक राहते. न्यूयॉर्क शहराच्या क्यूनी या सरकारी विद्यापीठाने 2007 मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘असॅप’ नावाची योजना सुरू केली, त्यात एका सल्लागाराकडे मोजकेच विद्यार्थी, वर पाठ्यपुस्तकांची आणि बस-सबवेच्या पासाची मदत होती. तीन वर्षांत पदवी घेणारे 22 वरून 40 टक्क्यांवर गेले. हे तुम्ही लिहिता, पण कॉलेजांच्या प्रेसिडेंट मंडळींसमोर अजून मोठ्याने सांगायला हवं. 2018 मध्ये टीचर्स कॉलेजचे प्रेसिडेंट होऊन तुम्ही स्वतःही त्याच खुर्चीत बसलात, म्हणून बोलते.

तिकडे सांगलीत माझी भाची नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एफ.वाय.ला आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, आणि निवडायला बास्केटवर बास्केट. इथे आम्ही कॅफेटेरिया आवरायला घेतला तोवर तिकडे तो मांडला जातोय. ती मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारते, ‘मावशी, कुठलं घेऊ?’ कॉलेजात हे विचारायला माणूस कोण, तर क्लार्क. तुमच्या केंद्राचे अहवाल नेटवर फुकट मिळतात. त्यातले दोन मी तिच्या प्राध्यापक मॅडमना पाठवलेत. त्यांनी वाचून काही कळवलं तर पुन्हा लिहीन.

कळावे,
आपली नम्र,
एक अ‍ॅडव्हायझर, न्यू जर्सी